तीन पेडी दोराचा आय स्प्लाइस: तिसरा पेड नेमका कुठे चुकतो?

नवा_हात

नमस्कार. गेल्या तीन आठवड्यांपासून मी दोराच्या टोकाला कायमचा फास करण्याचे, म्हणजे ज्याला आय स्प्लाइस म्हणतात ते काम शिकतो आहे. गाठ मारलेला दोर गाठीपाशी कमजोर होतो आणि नीट केलेला स्प्लाइस दोराची बहुतेक ताकद राखून ठेवतो, हे वाचल्यापासून हे काम आपल्याला यावे असे मनापासून वाटते. शिवाय चांगला स्प्लाइस पाहिला की दोर फिरून स्वतःतच विरघळून गेल्यासारखा दिसतो, आणि त्याचे मला विलक्षण आकर्षण आहे.

माझा दोर १२ मिलिमीटर जाडीचा, तीन पेडांचा, पांढऱ्या नायलॉनचा आहे. टोकाकडून साधारण १५ सेंटिमीटर पीळ उकलून मी तिन्ही पेड सुटे करतो, हवा तेवढा फास ठेवून ते मुख्य दोरावर टेकवतो आणि ओवायला लागतो. मधला पेड आणि डावीकडचा पेड ठीक जातात. तिसऱ्यासाठी दोर उलटा केला की मात्र गोंधळ उडतो. तो कोणत्या बाजूने आत घालायचा हे कळत नाही, आणि कसाबसा घातला तर दोराच्या एका अंगाला दोन पेड एकत्र बाहेर पडतात व दुसरे अंग रिकामे राहते. आतापर्यंत सहा वेळा प्रयत्न केला, त्यांतले चार असेच वेडेवाकडे झाले. दोन दिसायला बरे होते. त्यांत प्रत्येकी तीन फेऱ्या (तिन्ही पेड एकेकदा ओवले की एक फेरी) ओवून टोके दोराच्या अंगालगत कापली होती, पण जोराचे झटके देऊन ओढताच टोके आत आत सरकत गेली आणि शेवटची फेरी सुटली.

तिसरा पेड कसा ओळखावा, फेऱ्या किती असाव्यात, आणि पेड उचलण्यासाठी खास हत्यार लागते का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती. मी सध्या स्क्रूड्रायव्हर वापरतो आहे.

पीळ_आणि_पेड

तुमच्या वर्णनावरून चूक कुठे होते ते स्पष्ट दिसते, आणि ती अगदी पहिल्याच फेरीत होते. मी शिडाच्या होड्यांवर बरीच वर्षे दोरकाम केले आहे व अनेकांना ते शिकवलेही आहे. तिसऱ्या पेडापाशी अडकला नाही असा शिकाऊ माणूस मला क्वचितच भेटला. तुम्ही टप्पे पाठ केले आहेत, पण दोर काय सांगतो आहे ते अजून वाचलेले नाही. म्हणून आधी दोराकडे पाहू.

तंतूंना पीळ देऊन सूत होते, अनेक सुतांना उलट दिशेने पीळ देऊन पेड होतो, आणि तीन पेडांना पुन्हा उलट दिशेने पीळ देऊन दोर होतो. पीळ असे एकमेकांविरुद्ध असल्यामुळेच दोर आपोआप उकलत नाही. पेड सुटायला पाहतो त्याच दिशेने दोर अधिक आवळतो. दोर समोर उभा धरलात तर बहुतेक दोरांचे पेड डावीकडून खालून उजवीकडे वर चढत जाताना दिसतील. याला उजवा पीळ म्हणतात. डाव्या पिळाचे दोरही असतात, तेव्हा सुरुवातीलाच हे तपासून घ्या, कारण डाव्या पिळाच्या दोरात मी खाली सांगतो आहे ते सारे आरशातल्या प्रतिबिंबासारखे उलट होते.

आता फास तुमच्याकडे आणि मुख्य दोर तुमच्यापासून दूर जाणारा असा टेबलावर ठेवा. मुख्य दोराच्या तीन पेडांना मनात क, ख आणि ग म्हणा. सुटे केलेले पेड दोरावर पंख्यासारखे पसरा, म्हणजे एक डावीकडे, एक मध्ये आणि एक उजवीकडे राहील. मधला पेड आधी घ्यायचा आणि क या पेडाखालून उजवीकडून डावीकडे काढायचा. मग डावीकडचा पेड घ्यायचा. तो क च्या वरून जातो आणि ख च्या खालून, पुन्हा उजवीकडून डावीकडेच, बाहेर पडतो. म्हणजे मधला पेड दोन पेडांमधल्या ज्या खाचेतून बाहेर आला त्याच खाचेतून डावा आत शिरतो. आता सारे काम पालथे करा. समोर ग हा एकच पेड असा उरेल की ज्याच्या खालून अजून काहीच गेलेले नाही. उरलेला पेड त्याच्याखालून काढायचा, आणि तोही उजवीकडूनच डावीकडे.

तुमचा हात नेमका येथे फसतो. काम पालथे केल्यावर तिसरा पेड ग च्या डाव्या बाजूला येऊन पडलेला असतो, त्यामुळे डावीकडून उजवीकडे सरळ खुपसून देणे सोपे वाटते. तसे न करता त्याला आधी ग च्या अंगावरून उजवीकडे न्या आणि तेथून वळवून आत घाला. पहिल्यांदा हे वळण उगाच घेतल्यासारखे वाटेल, पण ओढून घेतल्यावर पेड आपली जागा बरोबर धरतो.

चूक झाली की नाही हे पाहण्याची एक पक्की खूण आहे. तीन पेडांच्या दोराला तीन खाचा असतात. पहिली फेरी बरोबर झाली असेल तर प्रत्येक खाचेत एक पेड शिरतो आणि प्रत्येक खाचेतून एक पेड बाहेर येतो, तेही जवळजवळ एकाच पातळीवर. तिसरा पेड उलट बाजूने घातला तर एका खाचेत दोन पेड शिरतात आणि दुसऱ्या एका खाचेतून दोन बाहेर पडतात. तुमच्या दोराच्या एका अंगाला जी गर्दी आणि दुसऱ्या अंगाला जी रिकामी जागा दिसते, ती हीच. ही मोजणी केल्याशिवाय दुसऱ्या फेरीला कधीही हात घालू नका. पहिली फेरी बिघडलेली असेल तर पुढच्या फेऱ्यांनी ती सुधारत नाही, ती नुसती झाकली जाते, आणि मग ताण आला की दोर तेथेच वाकडा ओढला जातो.

पहिल्या फेरीनंतरचे काम एकाच नियमाने चालते: प्रत्येक पेड शेजारच्या एका पेडावरून न्यायचा आणि त्यापुढच्या एका पेडाखालून काढायचा, नेहमी पिळाच्या विरुद्ध दिशेने. एक फेरी पूर्ण झाल्याशिवाय कोणत्याही पेडाला दुसऱ्यांदा ओवू नये. फेरी संपली की तिन्ही पेड क्रमाने फासाच्या दिशेला ओढून बसवावेत. एकच पेड जोराने ओढला तर बाकीचे दोन सैल पडतात, म्हणून थोडे थोडे करून, आळीपाळीने ओढावे.

शिकताना तीन पेडांच्या टोकांना तीन वेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या गुंडाळाव्यात. त्याने टोके विसकटत नाहीत आणि पेड अरुंद जागेतून सहज जातात. रंगांमुळे कोणता पेड कोठून आला हेही डोळ्यांना कळत राहते. आणखी एक गोष्ट कराच: जिथपर्यंत पीळ उकलायचा तेथे आधी मजबूत सुताने दोर घट्ट बांधून घ्या. हे बंधन नसेल तर ओवता ओवता पीळ फासाकडे आणखी सुटत जातो आणि सांध्याच्या तोंडाशी पोकळी राहते.

शिडाची_दोरी

वरच्या उत्तराने तिसऱ्या पेडाचा प्रश्न सुटला आहे, म्हणून मी सरकण्याबद्दल लिहिते. तुमचे जे दोन स्प्लाइस दिसायला बरे होते ते कदाचित बरोबरच ओवलेले असतील. मला त्यांच्या फेऱ्या कमी वाटतात.

स्प्लाइसमध्ये गाठ नसते, डिंक नसतो आणि शिवणही नसते. तो टिकतो तो केवळ घर्षणावर. ताण आला की मुख्य दोराचे पेड एकमेकांवर आवळले जातात आणि त्यांच्यामध्ये ओवलेल्या पेडाला चिमटीत धरतात. प्रत्येक चिमटीत त्या पेडातला थोडा ताण मुख्य दोराकडे सोपवला जातो, आणि अशा पुरेशा चिमट्या झाल्यावर पेडाच्या टोकापर्यंत सोपवण्याजोगे काही उरतच नाही. म्हणून टोक मोकळे असूनही सुटत नाही. चिमट्या कमी पडल्या तर उरलेला ताण टोकालाच आत खेचू लागतो, आणि तुमच्या दोराचे तेच झाले आहे.

तीन फेऱ्यांचा नियम खोटा नाही, पण तो मनिला, अंबाडी, घायपात अशा नैसर्गिक तंतूंच्या खरखरीत दोरांसाठी रूढ झाला. त्यांचे तंतू एकमेकांत अडकतात, त्यामुळे तीन पूर्ण फेऱ्या पुरतात. नायलॉन आणि पॉलिस्टर गुळगुळीत असतात. त्यातही नायलॉन ताणाखाली बराच लांबतो, आणि लांबताना बारीक होतो, म्हणजे पकड जेथे हवी तेथेच ती थोडी ढिली पडते. अशा दोरांना किमान पाच पूर्ण फेऱ्या घालाव्यात. वारंवार झटके बसणार असतील तर मी सहावी घालते. त्यात काही मिनिटे आणि थोडा दोर जास्त जातो, पण मन निश्चिंत राहते.

यावरूनच १५ सेंटिमीटर का पुरत नाहीत तेही कळेल. पाच फेऱ्यांसाठी दोराच्या जाडीच्या किमान २० पट लांबीचे पेड सुटे करावे लागतात. तुमच्या १२ मिलिमीटर दोरासाठी ते २४ सेंटिमीटर होतात. शिकताना मात्र ३० पट, म्हणजे ३६ सेंटिमीटर घ्या. शेवटच्या फेऱ्यांत आखूड टोक बोटांच्या चिमटीत धरून ओढणे सवयीच्या हातालाही जड जाते, आणि नवशिक्याला तर त्यामुळे ओढ नीट देताच येत नाही.

सरावासाठी नायलॉन मला फारसे आवडत नाही. नवा नायलॉन निसरडा असतो आणि पेड सुटे होताच त्यांचा पीळ मोकळा होऊ पाहतो. मिळाला तर १० ते १२ मिलिमीटर जाडीचा मनिला किंवा सुतासारखा मऊ, किंचित केसाळ पॉलिस्टर घ्या. पेड स्पष्ट दिसतात, ओवल्यावर जागेवर राहतात आणि चूक लपत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा दोर हलका असतो, पाण्यावर तरंगतो, पण त्याचे ताठर प्रकार स्प्रिंगसारखे उसळतात, त्यामुळे पहिल्या शिक्षणासाठी ते टाळावेत. एकाच टोकावर तीन-चारदा ओवून उकलले की पेडांना वाकडी वळणे पडतात व त्यांचा पीळ मरतो. तेवढा भाग कापून टाका आणि ताज्या दोरावर पुन्हा सुरू करा. मरगळलेल्या पेडांवर सराव करून हाताला चुकीची सवय लागते.

स्क्रूड्रायव्हर मात्र बाजूला ठेवा. त्याच्या कडा सुते कापतात, आणि कापलेले सूत बाहेरून दिसेलच असे नाही. १२ मिलिमीटरच्या मऊ दोराला खरे तर हत्यार लागतही नाही. दोर दोन्ही हातांत थोडे अंतर ठेवून धरा आणि पिळाच्या उलट दिशेला फिरवत हात जवळ आणा. पेड आपोआप फुगून वेगळे होतात आणि खाचेत बोट जाते. दोर घट्ट असेल तर कठीण लाकडाची, टोकाकडे निमुळती पण टोक गोलसर असलेली, काचकागदाने गुळगुळीत केलेली काठी पुरते. याच आकाराच्या लाकडी हत्याराला फिड आणि लोखंडीला मार्लिनस्पाइक म्हणतात. पन्हाळीसारखी पोकळ फिडही मिळते. ती पेडाखाली घातली की खाच उघडी राहते आणि तिच्या पन्हाळीतून पेड सरकवता येतो. पुढे जाड दोर हाताळू लागलात की तिचा उपयोग फार होतो.

उंच_काम

वरची दोन्ही उत्तरे चांगली आहेत. माझे काम झाडे आणि जड सामान दोरांनी उचलण्या-उतरवण्याचे आहे, त्यामुळे दोन बाबी जोडतो आणि एका बाबतीत स्पष्ट इशारा देतो.

पहिली बाब टोके कापण्याची. शेवटची फेरी ओवल्याबरोबर टोके दोराच्या अंगालगत कापू नयेत. स्प्लाइस आधी हाताने चोळून, मग तळहातांत किंवा पायाखाली फळीवर लाटून गोल करावा, त्यानंतर त्याला काही वेळ चांगला ताण द्यावा. पेड आपापल्या जागी बसतात आणि टोके थोडी आत जातात. मग कापावे, आणि तेव्हाही दोराच्या जाडीइतके टोक बाहेर ठेवावे. नायलॉन व पॉलिस्टर यांची टोके उष्णतेने वितळवून बंद करता येतात, पण त्याची पद्धत सांभाळली पाहिजे. पॉलिस्टर सुमारे २६० अंश सेल्सियसला वितळते, पॉलिप्रॉपिलीन त्याहून पुष्कळ आधी, सुमारे १६५ अंशांना. सरळ ज्योत लावली तर टोकाबरोबर शेजारचा, भार वाहणारा पेडही भाजतो, आणि भाजलेला पेड हा मरू घातलेला पेड असतो. शिवाय वितळून थिजलेल्या टोकाचा मणी टणक व धारदार होतो, तो हाताला आणि शेजारच्या पेडांना कापतो. मी टोके तापलेल्या पात्याने कापणे किंवा सुताने बांधून टाकणे पसंत करतो. नैसर्गिक तंतू वितळत नाहीत, ते जळतात. त्यांना सूतच बांधावे.

दुसरी बाब निमुळतेपणाची. पूर्ण फेऱ्या झाल्यावर प्रत्येक पेडातली काही सुते कमी करून पुढच्या एक-दोन फेऱ्या बारीक ओवल्या की सांधा हळूहळू दोरात मिळून जातो. तो देखणा दिसतो म्हणून नवशिके लगेच त्याच्या मागे लागतात, आणि पाच पूर्ण फेऱ्यांतल्या शेवटच्या दोनच बारीक करून टाकतात. बारीक फेऱ्या पूर्ण फेऱ्यांत मोजायच्या नसतात, त्या वरच्या असतात. निमुळतेपणाचा उपयोग खरा आहे, कारण जाडी एकदम बदलली की ताण त्या कडेला साचतो. तरीही पहिले दहा-बारा स्प्लाइस बोथट शेवटाचेच करावेत असे माझे मत आहे.

फासाच्या मापाकडेही लक्ष असू द्या. फास ज्या खांबावर किंवा आकड्यावर घालायचा त्याच्या मानाने आखूड असेल तर फासाच्या दोन्ही बाजू फाकतात आणि सांध्याची पहिली फेरी आडवी फाडली जाते. फासाची लांबी त्या वस्तूच्या व्यासाच्या किमान तिप्पट, शक्यतो पाचपट ठेवावी. धातूच्या कडीत किंवा साखळीत फास कायमचा अडकवायचा असेल तर आत खाचेची धातूची थिंबल, म्हणजे फासाला आतून झिजण्यापासून वाचवणारी कडी, बसवावी आणि पहिली फेरी तिच्या टोकाला अगदी भिडवून ओवावी, नाहीतर सैल थिंबल फिरून बाहेर पडते.

आता इशारा. तीन पेडी दोराचा नीट केलेला आय स्प्लाइस दोराची साधारण ९० टक्क्यांच्या आसपास ताकद राखतो, तर बोलाइनसारख्या चांगल्या गाठीत ती साधारण ६० ते ७० टक्क्यांवर येते, कारण गाठीतल्या तीव्र वळणात बाहेरच्या अंगाच्या तंतूंवर जास्त ताण पडतो. हे आकडे नीट केलेल्या कामाचे आहेत. शिकताना केलेल्या स्प्लाइसवर माणसाचा भार कधीही टाकू नये, आणि ज्याच्याखाली माणूस उभा राहणार आहे असे ओझेही टांगू नये. मी स्वतः एकदा घाईत ओवलेला सांधा भाराखाली उघडत जाताना पाहिला आहे. ओझे रिकाम्या जमिनीवर पडले म्हणून कोणालाही इजा झाली नाही, पण त्या दिवसापासून पहिल्या फेरीतल्या खाचा बोटाने चाचपून मोजल्याशिवाय मी कधीही पुढे गेलेलो नाही.

गोफण

हा धागा वाचून मीही दोर हातात घेतला, पण माझ्या दोराला पेडच दिसत नाहीत. बाहेरून वेणीसारखी वीण आहे आणि आत वेगळा गाभा आहे. यालाही हेच तंत्र चालते का? आणि दोन दोर एकमेकांना जोडायचे असतील तर काय करावे?

उंच_काम

विणलेल्या दोराला हे तंत्र चालत नाही, कारण ज्याखालून ओवायचे ते पेडच तेथे नसतात. तुमचा दोर दुहेरी विणीचा असावा. त्याच्या स्प्लाइसमध्ये गाभा आवरणातून बाहेर काढून दोन्ही एकमेकांत उलटसुलट घालायचे असतात, मापे अचूक लागतात आणि उत्पादकाच्या सूचनाही दोरागणिक बदलतात. दोर जुना आणि वापरून घट्ट झालेला असेल तर सवयीच्या माणसालाही तो दाद देत नाही. गिर्यारोहणाच्या दोराला तर घरी स्प्लाइस करूच नये.

गाभा नसलेला, पोकळ विणीचा दोर मात्र नवशिक्यालाही जमण्यासारखा असतो. त्याचे टोक त्याच्याच पोटात घालायचे. ताण आला की पोकळ नळी लांबते, लांबली की बारीक होते आणि आतल्या टोकाला आवळते. जितके ओढाल तितकी पकड वाढते. येथे आत किती लांबी पुरली आहे यावर सारे अवलंबून असते. अतिशय गुळगुळीत अशा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीन तंतूंच्या दोरांना, ज्यांना बाजारात डायनीमा म्हणतात, जाडीच्या ७२ पट लांबी आत घालण्याची पद्धत आहे, म्हणजे १० मिलिमीटर दोराला ७२ सेंटिमीटर. ताण नसताना टोक बाहेर सरकू नये म्हणून वर टाके घालतात किंवा दोर स्वतःतूनच ओवून कुलूपबंद करतात. आतले टोक निमुळते केले नाही तर ते जेथे संपते तेथे बाहेरची वीण एकदम मोडल्यासारखी होते, म्हणून या प्रकारात निमुळतेपणा पहिल्याच दिवसापासून हवा.

शिडाची_दोरी

दोन दोर जोडण्याबद्दल थोडक्यात लिहिते. दोन्ही दोरांचे पेड सुटे करून, बोटांत बोटे गुंतवावीत तसे एकाआड एक बसवतात, आणि मग प्रत्येक बाजूचे पेड समोरच्या दोरात एकावरून-एकाखालून ओवतात. याला शॉर्ट स्प्लाइस म्हणतात. तो मजबूत असतो पण जाड होतो, त्यामुळे कप्पीतून जात नाही. कप्पीतून जाणारा सांधा हवा असेल तर लाँग स्प्लाइस करावा लागतो. त्यात एका दोराचा पेड काढत जाऊन त्याच्या रिकाम्या खाचेत दुसऱ्याचा पेड बसवत नेतात, जाडी जवळजवळ तेवढीच राहते, पण दोर पुष्कळ खर्च होतो आणि पकड शॉर्ट स्प्लाइसइतकी नसते. दोन्ही दोर एकाच जाडीचे, एकाच तंतूचे आणि एकाच पिळाचे असावेत. आधी आय स्प्लाइस पक्का करा. शॉर्ट स्प्लाइसमध्ये नवे शिकण्यासारखे फक्त ते सुरुवातीचे गुंतवणे आहे.

नवा_हात

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधल्या आठ दिवसांत मनिलाचा दोर आणून, तीन रंगांच्या पट्ट्या लावून पुन्हा सुरुवात केली. खाचा मोजण्याची खूण कळल्यावर तिसरा पेड पहिल्याच प्रयत्नात बरोबर गेला. आधी मी ज्याला अवघड वळण समजत होतो ते प्रत्यक्षात अर्ध्या क्षणाचे काम निघाले, आणि याचा मला अतिशय आनंद झाला. नंतर नायलॉनवर ३६ सेंटिमीटर पेड घेऊन पाच फेऱ्या घातल्या. आता एकच अडचण उरली आहे. फास आणि सांधा जेथे मिळतात तेथे, पहिल्या फेरीच्या अलीकडे, दोन पेडांमध्ये एक फट दिसते आणि तेथे दोर किंचित फुगलेला वाटतो. सूत बांधले होते, पण ते शेवटी सोडून टाकले. ही फट धोक्याची आहे का, आणि बाकीचे न उकलता ती बंद करता येईल का?

पीळ_आणि_पेड

पहिली फेरी बरोबर आली हे वाचून फार बरे वाटले.

फट दोन कारणांनी पडते. एक, बांधलेल्या सुतापासून थोडे अंतर सोडून पहिली फेरी सुरू केली असेल. दुसरे, आणि तुमच्या बाबतीत मला हेच अधिक शक्य वाटते, पहिल्या फेरीचे तीन पेड एकापाठोपाठ एक पूर्ण ओढले गेले असतील. मधला पेड सर्वांत आधी जातो म्हणून तो आधी घट्ट बसतो आणि सांध्याचे तोंड आपल्याकडे ओढून घेतो, मग उरलेल्या दोघांना ती फट भरता येत नाही. यावर उपाय असा की पहिल्या फेरीत तिन्ही पेड आधी सैलच ओवून घ्यावेत, खाचा मोजाव्यात, आणि त्यानंतर तिघांना आळीपाळीने, प्रत्येक वेळी बोटभरच ओढत जागेवर आणावे. ओढताना प्रत्येक पेडाला त्याच्या स्वतःच्या पिळाच्या दिशेने हलकासा पीळ द्यावा. नायलॉनचा पेड ओवताना चपटा पडतो आणि त्याची सुते पसरतात, त्या चपटेपणामुळेही फट मोठी दिसते. पीळ जिवंत ठेवलेला पेड गोल राहतो आणि जागा भरून काढतो.

बाकीचे न उकलता ती बंद करता येणार नाही. पुढच्या चार फेऱ्यांनी पहिलीला जागेवर बांधून ठेवले आहे, त्यामुळे आता बाहेरून दाबून किंवा वर सूत गुंडाळून फट फक्त नजरेआड होईल. भाराखाली पहिल्या फेरीवरच सर्वाधिक ताण येतो, आणि तिथे एखादा पेड सैल असेल तर त्याच्या वाटणीचा भार उरलेल्या दोघांवर जातो. म्हणून ज्या दोरावर काही अवलंबून आहे त्यात अशी फट ठेवू नये. हा तुकडा तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून बाजूला ठेवा, उकलू नका, कारण पुढच्या स्प्लाइसशी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहायला तो उपयोगी पडेल. पुढच्या वेळी सूत सोडण्याची घाई करू नका. ताण देऊन, टोके कापून झाल्यावर सगळ्यात शेवटी ते कापावे, किंवा ते व्यवस्थित बांधले असेल तर तसेच राहू द्यावे.

नवा_हात

सांगितल्याप्रमाणे काल रात्री ताज्या दोरावर नवा स्प्लाइस केला. पहिल्या फेरीत पेड सैल ओवले, खाचा मोजल्या, मग बोटभर बोटभर ओढत तिघांना बसवले. त्यावर आणखी पाच फेऱ्या घातल्या आणि फळीवर लाटून रात्रभर ताणाखाली ठेवला. आज सकाळी मोजले तेव्हा तिन्ही टोके सुमारे चार-चार मिलिमीटर आत गेलेली होती, तिन्ही सारखी, आणि त्यानंतर कितीही झटके दिले तरी ती हलली नाहीत. फासाच्या तोंडाशी फट नाही. दोराच्या जाडीइतकी टोके ठेवून बाकीची कापली आहेत आणि त्यांना सूत बांधतो आहे.